नळ-गटाराच्या कामाचा अधिकार

पाण्याचे आणि मैल्याचे काम कोणी करायचे, हे पूर्वी जात ठरवत असे. आज ते परवाना ठरवतो. जालना नगरपालिकेची 2023 मध्ये महानगरपालिका झाली. त्यामुळे तेथे लागू झालेल्या महानगरपालिकांच्या 1949 च्या अधिनियमात परवानाधारक प्लंबरची तरतूद आहे. आयटीआयमधला नळ कारागीर हा एक वर्षाचा अभ्यासक्रम ही या धंद्याची एक वाट. जलवाहिनी किंवा भुयारी गटाराचे मोठे काम घ्यायचे, तर ठेकेदाराला नोंदणी करावी लागते. त्यासाठी केलेल्या कामांचे दाखले, यंत्रसामग्रीची यादी आणि बँकेचा ऐपतीचा दाखला जोडावा लागतो, अनामत भरावी लागते. या अटींत जन्माला जागा नाही.

कर्म करण्यास पात्र कोण, हा भारतीय तत्त्वज्ञानातला जुना वाद आहे. जैमिनीच्या मीमांसासूत्रांचा सहावा अध्याय त्यालाच वाहिलेला आहे. फळाची इच्छा, कर्म पार पाडण्याचे सामर्थ्य आणि त्याचे ज्ञान या तेथल्या कसोट्या आजच्या परवान्याच्या अटींपासून फार दूर नाहीत. निर्धनालाही तेथे कायमचे वगळलेले नाही, कारण धन मिळवता येते. यज्ञाचा अधिकार सर्वांना आहे, असे बादरी या आचार्यांचे मत होते. जैमिनीने मात्र आत्रेय या दुसऱ्या आचार्यांचा पक्ष घेऊन शूद्राला बाहेर ठेवले. इच्छा, सामर्थ्य आणि ज्ञान माणसाला कमावता येतात. वर्ण कमावता येत नाही. बादरीचा पक्ष हरला तो याच जागी.

ज्ञानाची कसोटी मात्र टाळता येत नाही, कारण हे काम जमिनीखाली गाडले जाते. गटाराला इतका उतार द्यावा लागतो की सेकंदाला निदान 0.6 मीटर वेग राहील. नाहीतर गाळ बसून ते तुंबते. पिण्याच्या पाण्याचा पाइप गटारापासून दूर आणि वरच्या पातळीवर टाकायचा असतो. जालन्यासारख्या शहरात, जिथे नळाला रोज पाणी येत नाही, तिथे हा नियम अधिकच मोलाचा. पाणी बंद झाले की रिकाम्या पाइपात ओढ निर्माण होते आणि सैल सांध्यातून भोवतीची घाण आत शिरते. जुलाबाने आजारी पडणाऱ्या मुलाला तो सांधा कोणी जोडला हे कधीच कळत नाही. ज्याला जाब विचारता येत नाही त्याच्याही वतीने आधीच घेतलेली हमी, हा परवान्याचा नैतिक पाया आहे.

जालन्याला जायकवाडी धरणाचे पाणी येते ते पैठणहून. त्याच पैठणात देवाने श्रीखंड्या होऊन एकनाथांच्या घरी बारा वर्षे पाणी भरले, अशी कथा आहे. चोखोबांबरोबर विठ्ठलाने मेलेली ढोरे ओढली, असेही सांगतात. हलक्या मानलेल्या कामाला भक्तिपरंपरेने देवाचा हात लावला, पण ते काम कोणाच्या वाट्याला यावे याची व्यवस्था बदलली नाही. जातिव्यवस्था ही नुसती श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, हे डॉ. आंबेडकरांनी 1936 मध्ये मांडले. कामाला मान दिल्याने ही विभागणी मोडत नाही.

ती परवान्यानेही आपोआप मोडत नाही. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणे हा गुन्हा ठरवला. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गटारातील मृत्यूंसाठी दहा लाखांची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये ठरवली, ती 2023 मध्ये तीस लाखांवर नेली. तरी मॅनहोलमध्ये माणसे मरतात. हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण वाढले की नाक बधिर होते आणि वास येईनासा होतो. म्हणून वास नाही, तर धोका नाही, हा अंदाज जिवावर बेतू शकतो. वायू मोजणे, कमरेला दोर बांधणे, मॅनहोलच्या तोंडाशी दुसरा माणूस उभा ठेवणे ही ठेकेदाराची जबाबदारी असते. नोंदणी मात्र एकाच्या नावावर असते आणि खाली उतरतो दुसराच, बहुधा ज्यांच्या पिढ्यांनी हेच काम केले त्यांच्यातला.

म्हणून अधिकार तीन गोष्टींनी पुरा होतो: जन्माची अट नसणे, ज्ञानाची परीक्षा होणे आणि धोक्याची जबाबदारी ज्याच्या नावावर परवाना आहे त्याच्यावरच राहणे. पहिल्या दोन कागदावर आल्या आहेत. तिसरी पाळली जात नाही तोवर परवाना म्हणजे जुन्याच वर्णव्यवस्थेवर मारलेला सरकारी शिक्का ठरतो.