उंच जागा, तीन अक्षरे

रविवारच्या पुरवणीतल्या शब्दकोड्यात ‘उंच जागा, तीन अक्षरे’ अशी ओळ होती. टेकडी, टेकाड, डोंगर, शिखर, पठार, चढण, सगळेच बसतात. शेजारी बसलेले भूगोलाचे निवृत्त सर म्हणाले, “ढिगाराही बसतो की! माजरीकडे बघा जरा.” तेव्हापासून तो शब्द डोक्यातून जात नाही.

उंची समुद्रसपाटीपासून मोजतात आणि कळसूबाई 1646 मीटर, हे शाळेतच पाठ होतं. पण आमच्या भद्रावतीत समुद्र कुठला? इथे उंची पायांना कळते. इथली विजासनची टेकडी नकाशावर नगण्य असेल, तरी या सपाट मुलखात ती उंचच.

भद्रावतीजवळच्या माजरीच्या खुल्या खाणींत कोळशावरची माती आणि दगड उपसून बाजूला रचतात. ते ढीग लांबून दिसतात, पावसाळ्यात हिरवेही होतात. सरांच्या मते भोवतालच्या जमिनीहून वर ती टेकडी. कोणी केली, याच्याशी भूगोलाला कर्तव्य नाही. मला हे मुळीच मान्य नाही. टेकडी जमिनीचीच असते, ढिगारा जमिनीवर टाकलेला असतो. त्याची माती जिथून निघाली तो खड्डा जवळपास कुठेतरी पडलेला असतोच, आणि ‘टेकडी’ म्हटलं की तो खड्डा नजरेआड होतो.

पण मग विजासनचं काय? तिथेही माणसाने लेणं खोदलंच आहे. सरळ आत जाणारा बोळ, टोकाला बसलेला बुद्ध. त्या खोदाईतला दगडही कुठे तरी टाकलाच असेल. म्हणजे माणसाचा हात लागला एवढ्यावरून ढिगाऱ्याला कमी लेखता येत नाही. शतकानुशतकं लोक विजासनच्या पोटात निर्धास्त शिरत आले. उलट झारखंडात लालमटियाच्या खाणीत 29 डिसेंबर 2016 रोजी असाच मातीचा ढीग कोसळला आणि कामगार त्याखाली गाडले गेले. फरक आहे तो भरवशाचा.

तेव्हा सरांचं निम्मं म्हणणं मला आता पटतं. उतार स्थिरावला, झाडांनी मुळं धरली, शेजारचा खड्डा बुजला, तर ढिगाऱ्याचीही टेकडी होऊ शकते. मात्र हे आपोआप होत नाही. खाण बंद करतानाच्या आराखड्यात खड्डे भरण्याचं आणि ढिगारे स्थिर करण्याचं काम लिहिलेलं असतं. आपल्या गावाजवळच्या खाणीचा तो आराखडा मागून घ्या, आणि त्यातलं किती झालं ते ग्रामसभेत विचारा.