फोटोचा बोजारा

तान्ह्या पोळ्याला सिंदी रेल्वेला जाऊ, असा मेसेज मी ग्रुपवर टाकला. फी नाही, स्पर्धा नाही, कॅमेरा नसेल तर मोबाइल आणा. सकाळी स्टेशनबाहेर चहाला भेटलो तेव्हा आम्ही नऊ जण होतो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात लहान मुलं सजवलेले लाकडी नंदी घेऊन निघतात. सिंदीचा तान्हा पोळा यासाठी प्रसिद्ध आहे. मुलं नंदी घेऊन दारोदारी जातात आणि लोक त्यांच्या हातावर बोजारा ठेवतात, म्हणजे थोडे पैसे किंवा खाऊ. दाराशी आलेल्या नंदीला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत.

एका मुलाचा फोटो काढून मी सवयीने म्हणालो, "पाठवतो हं." शेजारी त्याची आजी उभी होती. ती म्हणाली, "मांगच्या साली बी एकानं काढला होता ना भाऊ. आणून नाही देल्ला. त्यात याचा आजोबा होता. आता नाही तो."

परतीच्या गाडीत यावर वाद झाला. एक मित्र म्हणाला, "रस्त्यावर फोटो काढायला परवानगी लागत नाही." असेल. पण आजीने परवानगी दिलीच होती. तिची तक्रार न पाळलेल्या शब्दाबद्दल होती. 'पाठवतो' हा शब्द आपण समोरच्याने हसावं म्हणून वापरतो. फोटो मिळाला की तो विसरतो. ही लहानशी लबाडीच आहे, आणि तिचे लाइक्स आपल्याला मिळतात.

याच जिल्ह्यात, सेवाग्रामला, कनू गांधी महात्मा गांधींचे फोटो काढत. घनश्यामदास बिर्लांनी दिलेल्या 100 रुपयांतून त्यांनी कॅमेरा घेतला होता. गांधींनी तीन अटी घातल्या होत्या: फ्लॅश नाही, पोज देणार नाही, आश्रमाचा पैसा मिळणार नाही. कनूंनी त्या पाळल्या.

गांधी अटी घालू शकले, कारण ते गांधी होते. नंदीची दोरी धरलेला सात वर्षांचा पोरगा कोणती अट घालणार? म्हणून ती कॅमेरा धरणाऱ्यानेच स्वतःला घालायची. आमच्या ग्रुपचा आता एकच नियम आहे: पाठवणार असाल तरच 'पाठवतो' म्हणा, आणि म्हणालात तर तिथेच नंबर किंवा पत्ता लिहून घ्या. यामुळे फोटो कमी निघतात. दोघांनी ग्रुप सोडलाही. चालेल.

दिवाळीनंतर मी प्रिंट घेऊन सिंदीला गेलो. आजीने फोटो पदराने पुसला, बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "अन् मांगच्या सालचा?"

तो मी काढला नव्हता, हे मी सांगितलं. ती म्हणाली, "तुमच्यावाल्याच कोणीतरी काढला ना? विचारून पाहा त्यायले."

आधी मला हसू आलं. मग वाटलं, तिचं बरोबर आहे. तिच्यासाठी गळ्यात कॅमेरा असलेले आपण सगळे एकच. एकाने मोडलेला शब्द तिच्या हिशेबात सगळ्यांच्या नावावर आहे.

म्हणून विचारतोय. त्या वर्षी तान्ह्या पोळ्याला तुम्ही सिंदीत असाल, तर गॅलरीत मागे जाऊन पाहा. एक मुलगा, एक नंदी आणि मागे उभा असलेला म्हातारा माणूस. त्यांचा बोजारा अजून द्यायचा राहिला आहे.