वलगणीचा हिशेब

कामोठ्यात आज जिथे सेक्टरांचे फलक उभे आहेत तिथे पन्नास-साठ वर्षांपूर्वी भातखाचरे होती, खाजण होते, खारे पाणी अडवणारे बांध होते आणि त्या बांधांना उघाड्या होत्या. १७ मार्च १९७० रोजी शासनाच्या सिडको महामंडळाची स्थापना झाली आणि ठाणे व तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई हे नवे शहर वसवायचे ठरले. कामोठे त्या गावांतले एक. जमीन कशी गेली ही हकिगत इथल्या आगरी घरांत आजही तोंडपाठ आहे. जमिनीच्या लढ्याचे नेते दि. बा. पाटलांचे नाव, त्या लढ्यातले जानेवारी १९८४ चे पाच हुतात्मे, मोबदल्यातल्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांची लढाई हे सगळे नातवंडांना ठाऊक असते. पण त्याच जमिनीवर, त्याच चिखलात आपल्या घरातली माणसे काय धरत होती, कशी धरत होती आणि कुणाच्या जिवावर धरत होती, हे सांगणे मात्र बंद पडत चालले आहे.

काही घरांत ते लाजेने बंद पडले. मुलगा इंग्रजी शाळेत जातो, सोसायटीत शेजारी परगावचे, मग आजोबा गुडघाभर चिखलात उतरून चिंबोऱ्या काढायचे, हे कशाला बोलायचे? काही घरांत ते बोलले जाते, पण बढाई म्हणून. किती पोती मासे आणले, केवढा डुक्कर पाडला, एका रात्रीत किती ससे मिळाले. लाजेने मिटलेले तोंड आणि बढाईने सुटलेले तोंड, दोन्हींचे नुकसान सारखेच आहे. दोन्ही ठिकाणी नातवाला खरी गोष्ट मिळत नाही.

खरी गोष्ट कशी असते ते वलगणीवरून पाहू. जूनचा पहिला दणदणीत पाऊस पडतो, नाले फुगतात, खाचरांत पाणी चढते. उन्हाळाभर डोहांत तग धरून राहिलेले मासे त्या रात्री प्रवाहाच्या उलट वर निघतात, हीच वलगण. त्यांना उथळ, गवताळ, नुकते भरलेले पाणी हवे असते, कारण त्यांच्या पोटात अंडी असतात. वलगण चढली ही बातमी गावात पसरली की जेवणाची ताटे तशीच राहतात. बत्त्या, पाग, जुनी जाळी, टोपल्या, काहीच नसेल तर धुण्याची बादली घेऊन माणसे बांधावर धावतात. लहान पोरांना त्या रात्री कोणी झोपायला सांगत नाही. अंधारात पाण्याच्या आवाजावरून कोणत्या खांडीतून मासा चढणार हे ओळखायचे, पाय कुठे रोवायचा, साप दिसला तर काय करायचे, मिळालेल्या माशांतला वाटा ज्या घरात कर्ता पुरुष नाही त्या घरी आधी पोचवायचा, हे शिक्षण त्या एका रात्रीत होत असे. रायगडच्या मातीत वाढलेल्या माणसाला वलगण आठवली की त्याचा चेहरा उजळतो. त्या उजळण्याला नावे ठेवणारा सुधारक मला मान्य नाही.

पण गोष्ट तिथे संपत नाही. जो मासा आपण टोपलीत भरला तो अंडी घालायला निघाला होता. उरण-पनवेलच्या खाडीतल्या चिवणी माशाचे कौतुक तर गाबोळीसाठी, म्हणजे पोटातल्या अंड्यांसाठीच होते. पोट फुगलेली असेल तरच तिला भाव. म्हणजे ज्या घासाची आठवण आपण सर्वांत गोड म्हणून सांगतो, तो पुढच्या वर्षाच्या माशांचा घास होता. पूर्वी खाचरे अफाट होती, गावे लहान होती, धरणारे हात थोडे होते, आणि निसटणाऱ्या माशांची संख्या धरलेल्यांपेक्षा कितीतरी मोठी असे. म्हणून त्या काळातल्या आजोबांना दोष देण्याचे कारण नाही. आज उरलेल्या एखाद्या नाल्याच्या तोंडाशी दहा जाळी लागतात आणि मोबाइलच्या प्रकाशात त्याचे चित्रण होते. परिस्थिती पालटल्यावर तेच कृत्य तेच राहत नाही. ही गोष्ट नातवाला सांगण्याचे धाडस आजोबांनी केले पाहिजे. ते दुसऱ्या कुणाला जमणार नाही, कारण पूर्वी किती होते हे पाहिलेले डोळे त्यांचेच आहेत.

आणि संयम हा काही बाहेरून आणलेला उपदेश नव्हे. १ जून ते ३१ जुलै राज्याच्या समुद्रात यांत्रिक नौकांनी मासेमारी करायची नाही, असा नियम आहे आणि त्यामागे माशांच्या विणीचाच विचार आहे. त्या नियमाच्या कितीतरी आधीपासून कोळी समाज नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्याला लावत आला. दर्या खवळलेला असतो हे एक कारण, पण मासा वाढू द्यावा ही समजही त्यात आहे. जो समाज दर्याला दोन महिने विश्रांती देतो त्याने नाल्याला आणि खाचराला आठवडाभर द्यायला काय हरकत आहे? पहिल्या पुराचा मासा चढू द्यावा. अंडी टाकून तो परत उतरेल तेव्हा घरापुरता धरावा. पोटाला अंड्यांचा गोळा असलेली चिंबोरी हातात आली तर पोराच्या हातानेच परत सोडावी. असा नियम गावाने स्वतः केला तर त्याला सरकारी शिक्क्याची गरज पडणार नाही.

इथे मला कोणीतरी अडवील, आणि त्याचे म्हणणे खोटे नाही. तो म्हणेल, खाडी आम्ही रिकामी केली काय? भराव कोणी घातला? तळोज्याच्या कारखान्यांचे पाणी कासाडी नदीत कोणी सोडले? उलव्याची टेकडी सपाट करून आणि उलवा नदीचा प्रवाह वळवून विमानतळ उभा राहिला, ८ ऑक्टोबर २०२५ ला त्याचे उद्घाटन झाले, आणि तुम्ही आम्हाला टोपलीभर माशांचा हिशेब विचारता? हा राग न्याय्य आहे. मोठे नुकसान मोठ्या हातांनी केले, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. मात्र याच कारणासाठी आठवणी सांगणे अधिक निकडीचे होते. कोणत्या खांडीतून कोणता मासा चढत होता, निवट्या कुठल्या चिखलात मिळत, खुबे वेचायला बाया कुठवर जात, कोणत्या साली मासा मरून वर आला, हे ज्याच्या स्मरणात आहे तोच नुकसानीचा साक्षीदार. तो गप्प राहिला की कागदावर फक्त ‘पडीक पाणथळ जागा’ उरते, आणि पडीक जागेवर भराव घालायला कोणाची हरकत असणार? तिवरे तोडण्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये आदेश दिला, २०१८ मध्ये तो अधिक भक्कम केला. असे आदेश बांधावर लागू व्हायचे तर इथे काय जगत होते हे सांगणारी माणसे लागतात. बढाई मारणारा साक्षीदार मात्र टिकत नाही. आपण काय घेतले हेही जो सांगतो, त्याच्याच बोलण्याला वजन येते.

खुबे वेचणाऱ्या बायांचा उल्लेख ओघात आला, पण तो ओघात येण्यासारखा नाही. घरातल्या शिकारीच्या गोष्टींत नायक नेहमी पुरुष असतो. बंदूक त्याची, हाका त्याचा, डुकरामागे धावणे त्याचे. आजी ओहोटीची वेळ साधून, पाठीला टोपली बांधून, तिवरांच्या मुळ्यांतून वाट काढत जात होती आणि घराचे कालवण रोज आणत होती, याची गोष्ट होत नाही. अष्टमीच्या सुमाराचे भांग आणि पौर्णिमा-अमावास्येचे उधाण तिला तिथीवरून कळे. बिळाच्या तोंडाचा चिखल पाहून आत चिंबोरी आहे की नाही, हे ती सांगत असे. आकडी किती आत घालायची, नांगी कुठून धरायची, हे ती कुठल्या शाळेत शिकली नव्हती. डुक्कर वर्षातून एखादा पडे, तिच्या टोपलीवर मात्र लेकरे वाढली. नातीला ही गोष्ट सांगितली गेली नाही, तर शौर्य म्हणजे बंदूक, एवढेच तिच्या मनात राहील.

आता डोंगराकडच्या शिकारीविषयी. पनवेलच्या पुढे कर्नाळा, माथेरानच्या अंगाने रान लागते. तिथली पारध म्हणजे ठासणीची बंदूक, कुत्री, हाकारे आणि शेवटी वाटे. आज ती सरळ गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला लगाम घातला, १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याने शिकार करण्याची वाटही बंद केली, आणि त्या कायद्यात फास लावणे, जाळे टाकणे, हाका घालून जनावर उठवणे हेही शिकारीतच धरले आहे. काही घरांत शिमग्याच्या सुमारास अजून जुन्या पारधीची भाषा उत्साहाने बोलली जाते. तिथे वडीलधाऱ्यांनी ठामपणे सांगायला हवे की ते दिवस संपले आणि ते संपले हे बरे झाले. नुसते ‘आता कायदा आडवा येतो’ असे म्हणू नये. कायद्याच्या नावाने उसासा टाकणारे आजोबा नातवाला नकळत सांगत असतात की संधी मिळाली तर कर.

या पारधीच्या गोष्टीत एक माणूस नेहमी बिननावाचा राहतो. बार टाकणाऱ्याचे नाव तीन पिढ्या चालते. रान तुडवून जनावर उठवणाऱ्या कातकऱ्याचे नाव कुणाला आठवते? ससा कुठे बसला आहे, डुकराची वाट कोणती, हे तोच सांगे. कापणीनंतर उंदरांची बिळे खणून आतले भात आणि उंदीर दोन्ही काढणारा, पहिल्या पावसात मुठे वेचणारा, पोटासाठी रानावर जगणारा हा माणूस. महाराष्ट्रात विशेष असुरक्षित म्हणून गणल्या गेलेल्या तीन आदिवासी जमातींपैकी कातकरी ही एक. जमीनदाराने हौसेने मारलेले जनावर घराची शान झाले, आणि भुकेने फास लावणाऱ्याला त्याच गावाने चोर म्हटले. शिकारीवर जगणाऱ्या पारधी जमातीची कहाणी तर याहून कठोर. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसांना जन्मतःच गुन्हेगार ठरवले, तो कायदा १९५२ मध्ये गेला, डाग अजून गेला नाही. छत्रपती शाहू महाराजांनी मात्र शंभर वर्षांपूर्वीच फासेपारध्यांना जवळ केले, कामावर घेतले, त्यांच्यावर विश्वास टाकला. आपल्या घरातली पारधीची आठवण सांगताना हाकाऱ्याला त्याचे नाव परत देणे हे आपल्या हातात आहे. नाव विसरले असेल, तर कोणत्या वाडीचा होता एवढे तरी सांगावे, आणि त्याला किती वाटा मिळाला तेही.

शिकारीच्या घरातून रानाचा पहारेकरी निघू शकतो, याचा दाखला आपल्याच रायगड जिल्ह्याशी जोडलेला आहे. पक्षितज्ज्ञ सलीम अली शिकारीची हौस असलेल्या कुटुंबात वाढले. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने मारलेल्या पिवळ्या गळ्याच्या चिमणीची ओळख पटवायला ते मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेत गेले आणि तिथून त्यांचे आयुष्य वळले. पुढे १९३० मध्ये अलिबागजवळच्या किहीमला त्यांनी सुगरणींचे निरीक्षण केले, तेच त्यांच्या कीर्तीचा पाया ठरले. मोठेपणी आत्मचरित्र लिहिताना त्यांनी ती मारलेली चिमणी लपवली नाही, उलट पुस्तकाच्या नावातच घेतली. मुरुडजवळचे फणसाड हे जंजिऱ्याच्या नवाबाचे राखीव शिकारीचे रान होते, १९८६ मध्ये ते अभयारण्य झाले. दूर नागालँडमध्ये खोनोमा हे अंगामी लोकांचे गाव शिकारीसाठी प्रसिद्ध होते. तिथल्या गावपंचायतीने १९९८ मध्ये स्वतःच्या जंगलाचा मोठा भाग राखून शिकार बंद केली. कालचे शिकारी तिथे पक्षी दाखवणारे वाटाडे झाले. जनावराची चाल ज्याला कळते त्याला ते राखताही येते. अरण्यलेखक मारुती चितमपल्लींनी मराठीला रानाचे जे शब्द दिले, त्यातले किती तरी जंगलात राहणाऱ्या, शिकारीवर जगलेल्या माणसांच्या तोंडून त्यांनी टिपले होते.

कामोठ्यात हे कसे करता येईल? इथे आता आगरी-कोळ्यांइतकीच घाटावरून, मराठवाड्यातून, कोकणातून आलेली कुटुंबे आहेत, आणि त्यांच्याही घरांत ससा, तितर, घोरपड यांच्या गोष्टी आहेत. गणेशोत्सवात इथल्या मंडळांच्या मांडवात दहा दिवस कार्यक्रम असतात. त्यातली एक संध्याकाळ या आठवणींना द्यावी. वाद्यवृंदाच्या खर्चातला थोडा भाग वळवला तरी भागेल. जुन्या गावातल्या आज्यांना आधी बोलवावे, मग आजोबांना. नातवंडांनी प्रश्न विचारावेत आणि उत्तरे वहीत उतरवावीत: कोणता मासा, कोणता नाला, कोणत्या महिन्यात, तो शेवटचा कधी दिसला, आता त्या जागी काय आहे. ही वही पुढे पनवेल महापालिकेत, तिवरांच्या सुनावणीत, शाळेच्या प्रकल्पात कामाला येईल. आणि तालुक्यातल्या एखाद्या कातकरी वाडीतून एका जाणत्या माणसाला शिकवायला बोलवावे. त्याला गाडीभाडे आणि इतर वक्त्यांइतकेच मानधन द्यावे, त्याच दिवशी, हातात. त्याचे नाव पत्रिकेवर पूर्ण छापावे, आणि तो बोलत असताना मांडवातले लाउडस्पीकर बाकी कशासाठीही वापरू नयेत.