समुद्रातला वाटा: नवापूरचा किनारा आणि अन्नाचा हक्क

समुद्रातला मासा पकडेपर्यंत सर्वांचा असतो, पकडला की पकडणाऱ्याचा होतो, असे इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने सतराव्या शतकाच्या अखेरीस मांडले. श्रमातून मालकी येते, या सिद्धान्तासाठी त्याने समुद्रातल्या मासळीचेही उदाहरण घेतले आहे. मात्र त्याला एक अट जोडली: घेणाऱ्याने इतरांसाठी पुरेसे आणि तितकेच चांगले मागे ठेवले पाहिजे. त्याच्या आधी डच कायदेपंडित ग्रोशियसने, समुद्र सर्वांना पुरेल एवढा अफाट आहे म्हणून त्यावर मालकी नको, असे म्हटले होते. त्या काळी ती अट आपोआप पाळली जाई. आज व्यापाराची आणि हवामानाची धोरणे अन्नसुरक्षेचे काय करतात, हा प्रश्न नैतिक अंगाने पाहिला तर याच अटीपाशी येतो. पालघर जिल्ह्यातील नवापूरच्या किनाऱ्यावर तो अगदी उघडा दिसतो.

बोईसरच्या पश्चिमेला वसलेले नवापूर हे मच्छीमारांचे गाव. तारापूर औद्योगिक वसाहतीतील रसायन, औषध आणि कापड कारखान्यांचे सांडपाणी सामूहिक प्रक्रिया केंद्रातून वाहिनीने येथल्या समुद्रात सोडले जाते. मच्छीमारांच्या अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने 2016 मध्ये याविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. जानेवारी 2022 च्या निकालात लवादाने कारखाने आणि प्रक्रिया केंद्र दोघांनाही जबाबदार धरून पर्यावरणीय भरपाई भरायला सांगितले. कारखानदार एकही मासा पकडत नाही. तो समुद्राची घाण पचवण्याची ताकद वापरतो. तीही सर्वांच्या मालकीची आणि संपणारी आहे, म्हणून लॉकची अट तिलाही लागू पडते.

या पट्ट्यातला बोंबील मुख्यतः डोल जाळ्यात मिळतो. डोल समुद्रात एका जागी रोवलेली असते. भरती-ओहोटीच्या ओढीने मासळी तिच्यात शिरते, त्यामुळे उधाणाला मासळी भरपूर आणि भांगाला, म्हणजे मंद भरती-ओहोटीच्या दिवसांत, कमी. डोलीला मासळीचा पाठलाग करता येत नाही. किनाऱ्याजवळचे पाणी बिघडले, किंवा ते तापून मासळी दूर सरकली, की जाळे रिकामे येते. पकडलेला बोंबील जवळजवळ सगळा पाण्याचाच, लगेच नासणारा. म्हणून बायका दोन-दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून बांबूच्या वलांडीवर टांगतात. ऊन चांगले लागले तर माल टिकतो, मधेच अवकाळी पाऊस आला तर वलांडीवरच सडतो. हा सुका बोंबील, जवळा आणि सुकट पावसाळ्याच्या बेगमीला जव्हार-मोखाड्याकडच्या आठवडी बाजारांतही जाते. कुपोषणासाठी वारंवार चर्चेत येणाऱ्या त्या आदिवासी तालुक्यांत प्रथिनांचा हा स्वस्त आधार आहे.

अमर्त्य सेन यांनी 1981 च्या ग्रंथात दाखवले, की भूक केवळ धान्य कमी पडल्याने येत नाही. माणसाची विकत घेण्याची ताकद तुटली की येते. 1943 च्या बंगालच्या दुष्काळात सर्वाधिक होरपळलेल्यांत मच्छीमार होते. मासळी विकून तांदूळ घेणाऱ्याचे पोट दोन भावांवर अवलंबून असते, आणि ते दोन्ही भाव दुसरेच कोणी ठरवत असते. जुलै 2023 मध्ये भारताने बिगरबासमती पांढऱ्या तांदळाच्या निर्यातीवर बंदी घातली, ती सप्टेंबर 2024 मध्ये उठली. देशातला भाव आवरण्यासाठी ती होती. पण भारतीय तांदळावर जगणाऱ्या आफ्रिकेतल्या गरिबांना तिची झळ बसली. आपल्या गरिबाचे पोट राखण्याचे कर्तव्य पहिले हे मान्य केले, तरी परक्या गरिबाचा हक्क त्याने शून्य होत नाही. तो दुसऱ्या क्रमांकावर जातो, एवढेच.

जागतिक व्यापार संघटनेने 17 जून 2022 रोजी जिनिव्हात मत्स्य अनुदानांचा करार स्वीकारला आणि 15 सप्टेंबर 2025 पासून तो अमलात आला. बेकायदा मासेमारीला आणि उपसून संपत आलेल्या साठ्यांवरील मासेमारीला पोसणारी अनुदाने त्याने रोखली. मात्र क्षमतेपेक्षा मोठे ताफे उभे करणाऱ्या अनुदानांचा मूळ प्रश्न फेब्रुवारी-मार्च 2024 च्या अबूधाबी परिषदेतही सुटला नाही. दूरच्या समुद्रात ताफे पाठवणाऱ्या देशांनी 25 वर्षे अशी अनुदाने थांबवावीत, ही भारताची मागणी न्यायाला धरून आहे. ज्याने अधिक उपसले त्यानेच आधी थांबायचे असते. डोलकराच्या डिझेलवरील करपरताव्याला आणि महाकाय जहाजांच्या अनुदानाला एकच नियम लावणे म्हणजे समता नव्हे.

पण हाच न्याय देशाच्या आतही लागू करावा लागतो, आणि तिथे तो सहज विसरला जातो. तारापूरची अणुवीज 1969 पासून मिळते आहे. हवामान धोरणाच्या भाषेत ती स्वच्छ वीज. तिच्या तिसऱ्या-चौथ्या संचांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठवली गेली. उत्तरेला वाढवण येथे सुमारे 76 हजार कोटींचे बंदर मंजूर झाले आहे. जून 2024 मध्ये मंत्रिमंडळाने त्याला मान्यता दिली. त्यासाठी 1,448 हेक्टर भराव समुद्रात घातला जाणार आहे, आणि मच्छीमारांचा विरोध आजही आहे. व्यापार वाढतो, कार्बन घटतो. पण त्याची किंमत एकाच किनाऱ्याच्या पानातून वजा होते.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अन्न, पाऊस आणि माणसाचे कर्म एका चक्रात गुंफले आहे, आणि केवळ स्वतःसाठी रांधणाऱ्याला दोषी ठरवले आहे. त्या कसोटीवर भरपाईचा प्रश्न वेगळा दिसतो. भरपाई बोटीची होते, जाळ्याची होते, बुडालेल्या दिवसांची होते. वलांडीवरचा माल सुकवणारी बाई आणि मोखाड्याच्या बाजारात मूठभर सुका जवळा घेणारी आदिवासी बाई या दोघी सहसा पंचनाम्यात येत नाहीत, कारण पहिलीच्या नावावर बोट नसते आणि दुसरीचा समुद्राशी संबंधच मानला जात नाही. किनाऱ्यावरील प्रकल्पाच्या अभ्यासात ही मासळी पुढे कोणाच्या ताटात जाते याची नोंद असती, तर नुकसानीचा हिशेब त्या ताटापासून सुरू करता आला असता.