सागाची पानगळ

परवा कीर्तन आटोपल्यावर एका माळकरी गृहस्थांनी विचारले, ‘बुवा, आई अंथरुणाला खिळली, म्हणून यंदा पायी वारी चुकली. माझा नेम मोडला का हो?’ प्रश्न साधा, पण त्यांचे डोळे भरून आले होते.

सज्जनहो, उन्हाळ्यात सागाकडे पाहा. पानाला सूक्ष्म रंध्रे असतात. त्यांतून झाडातले पाणी वाफ होऊन उडत असते. जमिनीची ओल आटली की हा खर्च झाडाला पेलत नाही. मग तो सुपाएवढाली पाने गाळतो. पण कशी? आधी पानातले पुष्कळसे सत्त्व खोडाफांद्यांत परत ओढून घेतो, मग देठ सोडतो. पाहणाऱ्याला वाटते, झाड गेले! पावसाच्या सरी आल्या की तेच झाड हिरवेगार.

आणखी एक पाहा. ओढ्याकाठी ओल टिकते, तिथला साग पाने अधिक दिवस धरून ठेवतो. माळावरचे साग बोडके झाले म्हणून तो बोडका होत नाही.

यातच उत्तर आले. अडचण खरी असेल तर पाऊल थांबेल. नाम मात्र आत ओढून घ्यावे. परंतु अंगी ओल असताना ‘काय करणार, परिस्थिती!’ म्हणून नेम टाकणे, ही पानगळ नव्हे, ती वाळवी. आपली ओल खरोखर आटली का, हे ज्याचे त्याने विठोबाला साक्ष ठेवून पाहावे.

त्या गृहस्थांना मी एवढेच म्हणालो, ‘आईच्या उशाशी बसून हरिपाठ म्हणा. पुंडलिकाने आईबापांच्या सेवेसाठी देवालाच विटेवर थांबवले होते ना?’