ससाण्याचे घर कोणते?

आमच्या शब्बाथशाळेत लहान मुलांच्या वर्गात एक जुना तक्ता भिंतीवर टांगलेला आहे. डाव्या बाजूस प्राण्यांची चित्रे आणि उजव्या बाजूस त्यांची घरे. गाईचा गोठा, घोड्याचा तबेला, कोंबडीचे खुराडे, उंदराचे बीळ, मधमाशांचे पोळे, सिंहाची गुहा आणि पाखराचे घरटे. मुलांनी जोड्या जुळवायच्या आणि एका सुरात म्हणायचे. आपण सर्वांनीच बालपणी हा पाठ गिरवला आहे. त्यात एक निर्मळ आनंदही आहे. कारण ह्या जगात प्रत्येकासाठी कोठेतरी जागा राखून ठेवलेली आहे, ह्या विचाराने बालमनाला मोठा धीर येतो.

परंतु एका रविवारी आठ-नऊ वर्षांच्या एका मुलीने वर्तमानपत्रातील एक कात्रण माझ्यापुढे धरले. त्यात एका लहानशा शिकारी पक्ष्याचे छायाचित्र होते. "बाई, हा पक्षी सैबेरियातून येतो, नागालँडात थांबतो आणि आफ्रिकेत जातो. मग ह्याचं घर कोणतं?" मी क्षणभर विचार करून म्हणाले, "जेथे तो अंडी घालतो ते त्याचे घर." तिने लगेच विचारले, "मग मधल्या ठिकाणी कुणी त्याला मारलं, तर ते त्याच्या घरात शिरून मारणं नाही का?" मला उत्तर देता आले नाही. तो प्रश्न त्या दिवसापासून माझ्याबरोबर आहे. आज तो वाचकांपुढे ठेवीत आहे.

तो पक्षी म्हणजे अमूर ससाणा. आकाराने कबुतराहूनही थोडा लहान, वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास. आग्नेय सैबेरिया, मंगोलिया आणि उत्तर चीन ह्या प्रदेशांत तो उन्हाळ्यात पिले वाढवितो. आमच्या तक्त्याला लाजविणारी गोष्ट अशी, की हा पक्षी स्वतःचे घरटे बांधीतच नाही. कावळ्याच्या कुळातील इतर पक्ष्यांनी बांधून सोडून दिलेल्या घरट्यांत तो आपला संसार मांडतो. थंडी पडू लागली की तो थव्याथव्यांनी निघतो, ईशान्य भारतात काही आठवडे विसावतो, मग भारतीय द्वीपकल्प ओलांडून अरबी समुद्रावर झेपावतो आणि दक्षिण आफ्रिकेच्या बाजूस उतरतो. काही ससाण्यांची वाट आपल्या महाराष्ट्रावरूनही जाते. समुद्रावर विसाव्याला फांदी नाही. ती वाट अहोरात्र उडतच कापावी लागते. जाण्यायेण्याचा मिळून त्याचा वार्षिक प्रवास सुमारे २२ हजार किलोमीटरांचा होतो.

ह्या प्रवासातील अत्यंत महत्त्वाचा मुक्काम म्हणजे नागालँडच्या वोखा जिल्ह्यातील दोयांग नदीचा परिसर. पावसाळा सरल्यावर तेथे जमिनीतून पंख फुटलेली वाळवी अमाप बाहेर पडते. तीच ह्या पक्ष्यांची पुढील दीर्घ प्रवासाची शिदोरी. दिवसभर ते हवेतल्या हवेत कीटक टिपतात आणि संध्याकाळी लाखोंच्या संख्येने जलाशयाकाठच्या झाडांवर रात्रीच्या विसाव्यासाठी एकवटतात. पक्षिमित्र अशा जागेला रातथारा म्हणतात.

२०१२ च्या ऑक्टोबर महिन्यात पत्रकार बानो हारालू आणि त्यांचे सहकारी तेथे पोहोचले, तेव्हा त्यांना भयंकर दृश्य दिसले. रातथाऱ्याच्या वाटेवर मासेमारीची जाळी उभी बांधलेली होती. पहाटे आणि सायंकाळी उडणारे थवेच्या थवे त्यांत अडकत होते. पक्षी जिवंत वा मारून विकले जात होते, काही धुरावर वाळवून ठेवले जात होते. त्या पथकाच्या अंदाजाप्रमाणे दररोज १२ ते १४ हजार आणि त्या हंगामात लाखाहून अधिक ससाणे मारले गेले. ही बातमी जगभर गेली आणि तिच्याबरोबर नागालँडची अपकीर्तीही गेली.

येथे आपणां ख्रिस्ती वाचकांना थांबावे लागते. २०११ च्या जनगणनेप्रमाणे नागालँडची सुमारे ८८ टक्के वस्ती ख्रिस्ती आहे. ज्या हातांनी ती जाळी बांधली, ते हात रविवारी उपासनेत जोडले जाणारे होते. म्हणून हे कृत्य कोण्या परक्याचे आहे असे म्हणून आपल्याला हात झटकता येणार नाहीत. परंतु न्याय करण्यास घाई करणेही बरे नाही. ज्या पांगती गावाचे नाव ह्या प्रकरणात पुढे आले, त्या गावाची कथा आधी ऐकली पाहिजे.

दोयांग नदीवर धरण बांधून ७५ मेगावॅटचा जलविद्युत प्रकल्प उभारण्यात आला आणि २००० साली तो सुरू झाला. धरणाच्या पाण्याखाली गावकऱ्यांच्या सुपीक जमिनी गेल्या. पिढ्यान्‌पिढ्या नदीकाठी शेती करणाऱ्यांना हाती जाळे घेऊन मासेमारीकडे वळावे लागले. त्याच जलाशयाच्या काठी ससाणे मोठ्या संख्येने उतरू लागले, आणि मासळीसाठी आणलेली जाळी पाण्यातून झाडांच्या उंचीपर्यंत चढली. ज्यांचे घर बुडाले होते, त्यांच्या हातून दुसऱ्यांचे घर मोडले जात होते. हे पाप नव्हे असे मी म्हणत नाही. परंतु पापाचीही मुळे असतात, आणि ती आपण समजतो त्याहून दूरवर पसरलेली असतात.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. कोणी म्हणेल, जमीन ज्याची, निर्णय त्याचा. नागालँडात ह्या म्हणण्याला विशेष वजन आहे. कारण संविधानाच्या ३७१अ कलमाने तेथील भूमी व साधनसंपत्ती ह्यांवरील लोकांचे परंपरागत हक्क राखून ठेवले आहेत. परंतु जमीन माझी असली, म्हणून त्या जमिनीवर एक रात्र उतरलेला पाहुणाही माझ्या मालकीचा होतो काय? आपल्या खेड्यांतील अगदी गरीब माणूसही दारी आलेल्या वाटसरूला लुबाडणे हलकट मानतो. ओसरी त्याची असते, वाटसरू मात्र त्याचा नसतो.

दुसरा कोणी विचारील, आपण कोंबडी खातो, मग ससाण्याने काय अपराध केला म्हणून त्याला वगळावे? हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला प्रामाणिक उत्तर हवे. कोंबडीच्या खुराड्याचे दार मी लावते, तिला दाणा मी घालते, आणि उद्या पिले हवीत म्हणून काही कोंबड्या राखतेही मीच. तिच्या जगण्याचा भार माझ्यावर असतो. ससाण्याला मात्र मी वाढविले नाही. सैबेरियातील माळाने त्याला वाढविले, कोणा अनोळखी पक्ष्याच्या जुन्या घरट्याने त्याला आसरा दिला, आणि पुढे आफ्रिकेतील शेते त्याची वाट पाहत आहेत. कारण तेथेही तो टोळ व वाळवी खातो. एका रातथाऱ्यावर जाळे पसरणारा मनुष्य केवळ काही पक्षी धरीत नाही. ज्यांना त्याने कधी पाहिले नाही अशा अनेकांच्या ताटातील वाटा तो एका रात्रीत उचलून नेतो.

म्हणून मला वाटते, आमच्या तक्त्यात एक चूक आहे. त्यात घर म्हणजे एक वस्तू दाखविली आहे. भिंती असलेली, एका जागी असलेली, ज्याची त्याची मालकीची वस्तू. ससाण्याचे घर तसे नाही. ते म्हणजे एक लांबच लांब वाट, आणि ती वाट प्रत्येक मुक्कामी कोणीतरी राखावी लागते. तिचा एक दुवा तुटला की सारे घर मोडते. बारकाईने पाहिले तर वाघाचे घर तरी कोठे केवळ गुहा आहे? ते सांबराच्या कळपात, पाणवठ्यात आणि जंगल न तोडणाऱ्या मनुष्यातही आहे.

पवित्र शास्त्र ह्या बाबतीत आमच्या तक्त्याहून शहाणे आहे. १०४ थ्या स्तोत्रात करकोच्याला झाडे, रानबकऱ्यांना उंच डोंगर, आणि सिंहाच्या छाव्यांना रात्रीचा काळ नेमून दिलेला आपण वाचतो. तेथे जागेबरोबर वेळही वाटून दिलेली आहे, आणि मनुष्याला दिवसभराच्या कामापुरता वाटा आहे. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात पाखराच्या घरट्याविषयी एक लहानसा नियम आहे. पिले घेण्यास तेथे मुभा आहे, परंतु मादीला सोडून द्यावे लागते. शिकारीला संपूर्ण बंदी घालणारा हा नियम नव्हे. आपला हात कोठे तरी थांबला पाहिजे, हे शिकविणारा तो नियम आहे. भुकेल्या मनुष्यालाही तो लागू होता, हे विशेष.

पांगतीच्या लोकांनी पुढे काय केले, हे ह्या कथेतील सर्वांत महत्त्वाचे आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा आधार होता, शासनाने पावले उचलली. परंतु केवळ कायद्याच्या धाकाने अशा दुर्गम भागातील जाळी उतरली नसती. गावोगावच्या ग्रामपरिषदांनी शिकारीस बंदी केली, दंड ठरविला. मंडळ्यांनी ह्या कामास साथ दिली. मुलांसाठी निसर्गमंडळे सुरू झाली. जे पूर्वी जाळी बांधीत, त्यांच्यातूनच रातथाऱ्याचे राखणदार पुढे आले. २०१३ च्या हंगामात तेथे ससाण्याची शिकार झाल्याची नोंद नाही. एका वर्षात एवढा पालट झाल्याची उदाहरणे जगात फार थोडी असतील.

त्याच वर्षी शास्त्रज्ञांनी तीन ससाण्यांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारी लहान यंत्रे बसविली आणि त्यांना नागा, वोखा व पांगती अशी नावे दिली. ज्या गावाचे नाव वर्षभरापूर्वी निंदेने घेतले जात होते, तेच नाव घेऊन एक पक्षी समुद्रापार गेला. २०१४ साली नागा व पांगती परत त्याच प्रदेशात आल्याचे कळले. मला वाटते, क्षमा ह्या शब्दाचा अर्थ मुलांना समजावून सांगण्यास ह्याहून सोपे उदाहरण मिळणे कठीण.

परंतु कथा येथे आनंदाने संपवून आपण मोकळे होऊ नये. जाळी उतरविल्याने ज्या घरांची त्या हंगामाची कमाई गेली, त्यांची भरपाई कोणी केली? काही पाहुणे आता ससाणे पाहण्यास येतात, त्यातून थोड्यांना उत्पन्न होते. पण पाण्याखाली गेलेले शेत त्याने परत मिळत नाही. धरणाची वीज इतरांनी वापरली, पक्ष्यांचे कौतुक साऱ्या जगाने केले, आणि सदसद्विवेकाची किंमत मात्र डोंगरातल्या गरीब कोळ्याने मोजली. आपण शहरांत बसून सृष्टीविषयी गोड प्रवचने करतो, त्या वेळी हे विसरता कामा नये. पाहुणचार हे सर्वांचे कर्तव्य असेल, तर त्याचा खर्चही सर्वांनी वाटून घेतला पाहिजे. ज्याच्या दारी पाहुणा उतरला त्याच्यावरच सारा भार टाकणे, हा धर्म नव्हे.

हा भार वाटून घेण्याची सुरुवात दूर जाऊन करावी लागते असेही नाही. आपल्या गावचे तळे बुजविण्याचा ठराव येतो, मंडळीच्या आवारातील जुना वड गाडी लावण्यास अडचण होते म्हणून तोडावयाचा असतो, नव्या इमारतीच्या काचांवर पाखरे आदळून मरतात. ह्या प्रत्येक ठिकाणी कोणाचा तरी रातथारा आपल्या हाती असतो. आणि तो राखावयाचा तर आपल्याला काहीतरी सोडावे लागते. थोडी जागा, थोडे पैसे, थोडी सोय. काहीच न सोडता राखता येईल असे घर मी तरी अजून पाहिलेले नाही.

प्रभू येशूने आपल्या बेघरपणाविषयी बोलताना कोल्ह्याच्या बिळाची आणि पाखराच्या घरट्याची आठवण केली होती. त्यालाही इतरांच्या घरी उतरावे लागले. मार्थेने दार उघडले, जक्कयाने उघडले, काही गावांनी उघडले नाही. ज्याला स्वतःचे घर नाही त्याचे घर इतरांच्या हाती असते, ही गोष्ट त्याच्या अनुयायांना तरी नव्याने सांगावी लागू नये.

त्या मुलीला मी पुढच्या रविवारी उत्तर दिले. "तुझे म्हणणे खरे होते. मधल्या मुक्कामी त्याला मारणे म्हणजे त्याच्या घरात शिरूनच मारणे आहे." तिने तक्त्याकडे पाहिले आणि विचारले, "मग ससाण्यासमोर काय काढू?" आम्ही तक्त्याच्या खाली एक कागद जोडला. तिने एक झाड काढले, त्यावर पुष्कळ पक्षी काढले, आणि झाडाखाली हातात काही नसलेला एक मनुष्य उभा केला. मी विचारले, "हा कोण?" ती म्हणाली, "ह्यानं जाळं घरी ठेवलंय."