तव्यापाशी राहिली तिची वारी

जगद्‌गुरु तुकोबारायांची पालखी पुणे सोडून, लोणी काळभोरचा मुक्काम आटोपून दौंड तालुक्यातील यवत गावी येते. तेथला पिठलं-भाकरीचा बेत वारकऱ्यांत प्रसिद्धच आहे. काळभैरवनाथाच्या मंदिरात मोठमोठ्या कढयांतून पिठलं शिजते आणि भाकरी घराघरांतून येतात. दिवसभर चालून पाय भरून आलेले. त्यात ऊन ऊन पिठलं भाकरीवर पडले की पंचपक्वान्नांची आठवण कोणास होते? हा अनुभव आमच्या पुष्कळ वाचकांच्या गाठी असेलच. त्या घासावरूनच एक प्रश्न आज सज्जनांपुढे ठेवावा असे आम्हांस वाटते. पालखी वेशीत आली, टाळमृदंग कानी पडला, आणि हातचे पीठ टाकून जिला उठता आले नाही, त्या माउलीला वारी घडली की नाही?

आधी तिचे काम नीट पाहू. पिठलं सोपे. फोडणीत पाणी घालावे, आधण आले की बेसन वैरावे, गुठळी होऊ न देता हाटावे. चार जणांचे होते तसेच चार हजारांचेही होते. कढई तेवढी मोठी हवी. भाकरीचे तसे नाही. ज्वारीच्या पिठाला गव्हाचा चिकटपणा नसतो. ते ऊन पाण्यात मळावे लागते, आणि मळले की लगेच थापावे लागते. मग तव्यावर टाकायची, वरून पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची, आरावर शेकायची. कोकणात तांदळाची, मावळात नाचणीची, खानदेशात कळण्याची. पीठ बदलते, पण जिथे हातावर थापतात तिथे भाकरी एकेकच होते. हजार भाकरी म्हणजे हजार वेळा थापणे. म्हणूनच कढईपाशी चार गडी पुरतात, भाकरीला मात्र गावातल्या साऱ्या चुली पेटाव्या लागतात.

यावर कोणी म्हणेल, "यात प्रश्न कसला? तिची भाकरी हीच तिची वारी. देव तिला तव्यापाशीच भेटतो." वचन गोड आहे, आणि खोटेही नाही. पण ते बोलतो कोण, हे पाहिले पाहिजे. ते तिने स्वतः म्हटले तर ती भक्ती. जेवून हात धुतलेल्याने म्हटले तर ती निव्वळ सोय! दुसऱ्याच्या कष्टाला पुण्याचे नाव दिले की आपल्याला हात लावावा लागत नाही, एवढाच त्याचा अर्थ. सेवा ही करणाराने म्हणायची गोष्ट आहे. घेणाऱ्याने ते ऋण म्हणावे.

आपल्या संप्रदायात याचा निवाडा केव्हाच झालेला आहे. जनाबाई नामदेवरायांच्या घरी दळण-कांडण करीत होती. परंपरा काय सांगते? देव राउळात उभा राहून "जनी, तुझे दळण हीच माझी पूजा" असे म्हणाला, असे नाही सांगत. तो उठून आला, जात्यापाशी बसला आणि त्याने खुंट्याला हात घातला. देवाने जे केले ते भक्ताला कमीपणाचे कसे होईल?

कोणी विचारील, "तिला त्यातच आनंद असेल तर?" असेल, पुष्कळींना असतोही. मग तिलाच विचारा की! "बया, पालखी आली, जाऊन ये दर्शनाला, तवर मी बघतो चुलीकडं," एवढे तरी घरच्या धन्याने म्हणावे. भाकरी वाकडी होईल, करपेल. होऊ द्या. ती जाऊन आल्यावर पुन्हा थापायला बसली, तर मग तिचे बसणे खरोखर तिच्या मनाचे.

आणि आपण खाणाऱ्यांनी? भूक असेल तेवढेच घ्यावे. अर्धी भाकरी पानात टाकून उठू नये. ती अर्धी भाकरी म्हणजे कोणाचे तरी हुकलेले दर्शन असू शकते. चवीला नावे ठेवू नयेत, आणि चव घ्यायला लाजूही नये. रुचीने खाल्लेला घास करणारीचा मान राखतो. मुक्कामावरून निघताना जसे देवळाकडे हात जोडतो, तसेच त्या धुराने भरलेल्या स्वयंपाकघराकडेही एकदा जोडावेत. पण हात जोडण्याआधी ते पिठात घालण्याची तयारी असावी, इतकेच आमचे मागणे.

रामकृष्णहरि.